फोटो फुकट आहे, पण कशासाठी फुकट?

मागच्या महिन्यात शहापुरातल्या एका साडीच्या दुकानाचे मालक, आम्ही सगळे त्यांना मामाच म्हणतो, मोबाईल हातात घेऊन थेट घरी आले आणि दारातच म्हणाले, "हे काय वो, खरं की फ्रॉड? पैसे द्या म्हणून मेल पाठवुलालेत." मेल इंग्रजीत होता, बाहेरच्या देशातल्या कुठल्यातरी एजन्सीकडून, त्यात त्यांच्या वेबसाइटच्या पहिल्या पानाचा स्क्रीनशॉट, वरच्या मोठ्या फोटोभोवती लाल चौकोन, आणि खाली असं की हा फोटो अमुक फोटोग्राफरचा आहे, तुमच्याकडं लायसन्स असेल तर दाखवा, नसेल तर एवढी रक्कम भरा. रक्कम दुकानाच्या महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त. मामांचं म्हणणं एकच होतं, फोटो फ्री होता, भाच्यानं गुगलवर "फ्री साडी फोटो" टाकूनच काढलाय, मग पैसे कसले?

मी बेळगावात छोट्या धंद्यांच्या वेबसाइट करून देतो. उद्यमबागेतले फाउंड्रीवाले, कुंद्याची दुकानं, खानापूरच्या जंगलाकडचे होमस्टे, निपाणी-अथणीकडचे चपलांचे व्यापारी, सगळ्यांकडं हा प्रश्न कधी ना कधी येतो आणि प्रत्येक वेळी मी तेच परत पहिल्यापासून सांगत बसतो, म्हणून ह्या वेळी एकदाच नीट लिहून काढतोय. विषय कायद्याचा आहे खरा, पण अवघड नाही, नुसता कुणी आपल्या भाषेत सांगत नाही एवढंच.

फुकट वेगळं, परवानगी वेगळी

कुणी फोटो काढला, चित्र काढलं, छोटा आयकॉन जरी बनवला, तर त्या क्षणापासून तो साधारणपणे बनवणाऱ्याचा असतो. त्याची नक्कल कोण करणार, कुठं छापणार, बदल कोण करणार, हे ठरवायचा हक्क त्याचा, ह्यालाच कॉपीराइट म्हणतात. आपल्याकडं ह्यासाठी १९५७ चा कायदा आहे आणि त्यात हा हक्क मिळायला कुठं नोंदणी करावी लागत नाही, फोटोवर नाव नको, वॉटरमार्क नको, गोलातला सी नको. बरेच जण म्हणतात, "त्याच्यावर काही लिहिलेलं नव्हतं की." लिहिलेलं नसलं तरी मालक असतोच, रस्त्याकडेला लावलेल्या गाडीवर मालकाचं नाव नसतं म्हणून ती कुणी घेऊन जात नाही.

आणि फोटो परदेशातल्या माणसाचा असला तरी फरक पडत नाही. १८८६ मध्ये बर्न शहरात एक आंतरराष्ट्रीय करार झाला, भारत त्यात १९२८ पासून आहे, आणि त्या करारातल्या देशांनी एकमेकांच्या कलाकारांचे हक्क आपापल्या देशात मानायचे असं ठरलंय. म्हणजे जर्मनीतल्या फोटोग्राफरचा फोटो बेळगावात वापरला तर इथला कायदा त्याच्या बाजूनं उभा राहतो.

आता लायसन्स. लायसन्स म्हणजे मालकानं दिलेली परवानगी, त्याच्या अटींसकट. मालकी त्याचीच राहते, आपल्याला फक्त वापर मिळतो. गल्लीतल्या मंडळाकडं मोठी पातेली, पराती असतात बघा, लग्नाबारशाला गल्लीतल्या माणसाला ती फुकट मिळतात, पण तीच भांडी नेऊन कुणी केटरिंगचा धंदा सुरू केला तर मंडळ गप्प बसेल का? भांडी फुकट होती हे खरंच आहे, पण ती कशासाठी फुकट होती हा खरा प्रश्न. डाउनलोडचं बटण फुकट आहे एवढंच "फ्री" ह्या शब्दावरनं कळतं, दुकानाच्या वेबसाइटवर लावायची परवानगी आहे का हे त्या शब्दावरनं कधीच कळत नाही, ते लायसन्सच्या पानावर लिहिलेलं असतं आणि ते पान कुणी उघडत नाही.

एक गोष्ट मात्र खरोखर सगळ्यांची असते, जुनं झालेलं काम. भारतात चित्रकार किंवा फोटोग्राफर गेल्यावर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट चालतो, मग ते काम गावच्या तळ्यासारखं सार्वजनिक होतं. राजा रविवर्मा १९०६ मध्ये गेले, त्यांच्या लक्ष्मी-सरस्वती आज कुणीही वापराव्या. पण रघुवीर मुळगांवकरांची देवांची चित्रं, जी आपल्या घराघरात कॅलेंडरवर होती, ती वाटतात तशी जुनी नाहीत, ते १९७६ मध्ये गेले म्हणजे २०३६ संपेपर्यंत हक्क चालू आहे. पूजेचं सामान विकणाऱ्या कितीतरी वेबसाइटवर ती चित्रं बिनधास्त लावलेली दिसतात. देवाचं चित्र आहे म्हणून ते सगळ्यांचं, असं आपल्याला मनातनं वाटतं, पण देव सगळ्यांचा असला तरी चित्र काढणारा हात एका माणसाचा असतो.

सीसी म्हणजे काय आणि ती अक्षरं कसली

फोटोखाली "सीसी" लिहिलेलं बऱ्याच जणांनी बघितलं असेल. हे क्रिएटिव्ह कॉमन्स, २००१ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली संस्था, पहिली लायसन्स २००२ च्या डिसेंबरमध्ये आली. कल्पना साधी होती, प्रत्येकानं वकील गाठून परवानगीचं पत्र लिहिण्यापेक्षा तयार अटींचे संच करून ठेवायचे आणि कलाकारानं त्यातला एक निवडायचा. वट्टात सहा संच आहेत आणि ते चार अटींच्या जोडण्यांतून होतात.

पहिली अट बीवाय, म्हणजे नाव द्या. देवळातला पंखा आठवा, त्याच्या पात्यावर कै. अमुक ह्यांच्या स्मरणार्थ असं रंगवलेलं असतं, वारा सगळ्यांना फुकट पण नाव पुसायचं नाही. ही अट सहाही संचांत आहे.

दुसरी एनसी, धंद्यासाठी नको. मंडळाच्या भांड्यांची गोष्ट तीच. धंद्याची वेबसाइट असेल तर एनसी दिसलं की तो फोटो सोडून पुढं जायचं, त्यावर जास्त डोकं चालवू नका.

तिसरी एनडी, बदलून पुढं देऊ नका. शेजारणीनं शालू नेसायला दिला, पण त्याचा पदर कापून ब्लाउज शिवायचा नाही. फोटो आहे तसा लावा, त्यावर "दिवाळी ऑफर ५० टक्के" लिहून दुसऱ्या दोन फोटोंबरोबर चिकटवून बॅनर केला की अट मोडली.

चौथी एसए, ही लोकांना सगळ्यात उशिरा कळते. विरजणाचं उदाहरण घ्या. शेजारच्या काकूंनी विरजण दिलं आणि म्हणाल्या, ह्याचं जे दही होईल त्यातलं विरजण मागायला येणाऱ्याला तू पण द्यायचं. एसए लायसन्सचं चित्र घेऊन तुम्ही त्यातनं नवीन चित्र केलं, तर ते नवीन चित्रही त्याच अटीवर जगाला खुलं करावं लागतं. म्हणजे तुमच्या दुकानाचा खास बॅनर समोरचा दुकानदारपण उचलू शकतो आणि तुम्हाला काही म्हणता येत नाही. नुसता फोटो पानावर आहे तसा लावला तर अख्खी वेबसाइट काही खुली होत नाही, ही भीती काही जणांना असते, ती नको.

मग धंद्याला चालणारे संच कुठले, तर नुसतं बीवाय, आणि विरजणाची अट पाळायची तयारी असेल तर बीवाय-एसए. बीवाय-एनडीपण चालतं, फोटोला हात लावणार नसाल तर. ह्याशिवाय सीसी झिरो म्हणून एक आहे, २००९ मध्ये आलेलं, त्यात मालकानं सगळे हक्क स्वतःहून सोडलेले असतात, नावाचीपण सक्ती नाही. विकिमीडिया कॉमन्स म्हणून विकिपीडियावाल्यांचं फोटोंचं कोठार आहे, त्यावर एनसी आणि एनडीवाले फोटो मुळात घेतच नाहीत, म्हणून मी ग्राहकांना आधी तिथं शोधा म्हणतो, गोकाकचा धबधबा, किल्ल्यातली कमल बस्ती अशा आपल्या भागातल्या जागांचे फोटो तिथं सापडतात.

अनस्प्लॅश, पिक्साबे, फ्रीपिक: जितकी दारं तितक्या कड्या

इथंच सगळ्यात जास्त गोंधळ होतो म्हणून इथं थोडं थांबतो.

अनस्प्लॅश, पेक्सेल्स, पिक्साबे ह्या फुकट फोटोंच्या साइट सीसी वापरत नाहीत, त्यांचं स्वतःचं लायसन्स आहे. पूर्वी तसं नव्हतं. अनस्प्लॅश जून २०१७ पर्यंत आणि पिक्साबे जानेवारी २०१९ पर्यंत सीसी झिरोवर होतं, नंतर दोघांनी आपापल्या अटी आणल्या, म्हणून जुन्या यूट्यूब व्हिडिओत "इथलं सगळं सीसी झिरो आहे" असं ऐकलं असेल तर ते आता बरोबर नाही. आताच्या अटींत धंद्याच्या वेबसाइटवर फोटो लावायला परवानगी आहे, नाव दिलं तर चांगलं पण सक्ती नाही. पण फोटो आहे तसाच पोस्टर म्हणून, कपावर, टीशर्टवर छापून विकायचा नाही, आणि तिथले फोटो गोळा करून दुसरी तसलीच साइट काढायची नाही. म्हणजे मामांनी तिथला पैठणीचा फोटो पानाच्या वर लावला तर चालतं, तोच फोटो कॅलेंडरवर छापून कॅलेंडर विकलं तर नाही.

तिथं शोधताना अजून एक गोष्ट सांभाळा. वरच्या ओळीत विकत घ्यायचे फोटो जाहिरात म्हणून दाखवतात, अनस्प्लॅशवर तर २०२२ पासून पैसे भरून मिळणारे फोटो फुकटवाल्यांच्या शेजारीच दिसतात, घाईत दोन्ही सारखेच वाटतात.

फ्रीपिक आणि फ्लॅटिकॉन ह्या तयार चित्रांच्या, आयकॉनच्या साइटचा हिशोब उलटा आहे. फुकट खातं असेल तर नाव देणं सक्तीचं, पैसे भरले तर नाव नाही दिलं तरी चालतं. आपल्याकडं दुकानांच्या निम्म्या बॅनरवर दिसणारी ती रंगीत फुलं, तोरणं, समया बऱ्याचदा तिथल्याच असतात आणि खाली नाव मात्र कुठंच नसतं. ते चित्र काढणारा कुणीतरी आपल्यासारखाच घरी बसून काम करणारा माणूस असतो, त्याला पैशाऐवजी फक्त ती एक ओळ मिळायची असते आणि आपण तीसुद्धा गाळतो, हे मला खरंच लागतं.

कॅनव्हा, म्हणजे बॅनर-पोस्टर बनवायची साइट, त्यात मुकुटाची खूण असलेली चित्रं पैशाची, बाकीची फुकट, पण कुठलंच आहे तसं उचलून विकायचं नाही.

आणि गुगल? गुगल हे कोठार नव्हे, ते फक्त कुठं काय आहे ते दाखवणारं बोट आहे. इमेज शोधताना टूल्समध्ये वापराच्या हक्कांचा फिल्टर मिळतो, तो लावा जरूर, पण मूळ पानावर जाऊन लायसन्स स्वतःच्या डोळ्यानं बघितल्याशिवाय पुढं जाऊ नका. "फ्री पीएनजी" असल्या नावांच्या कितीतरी साइट दुसऱ्यांचं काम उचलूनच भरलेल्या असतात. मामांचा फोटो तसल्याच एका साइटवरनं आलेला. ज्यानं तिथं टाकला त्याचा तो नव्हताच, आणि जे माझं नाही ते वापरायची परवानगी मी दुसऱ्याला कशी देणार? चोरीची सायकल कुणी फुकट दिली म्हणून ती आपली होत नाही.

"माझी वेबसाइट कुठं कमर्शियल आहे?"

हे मला डॉक्टर विचारतात, क्लासवाले विचारतात, मंडळवाले पण. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या अटीत व्याख्या आहे की वापर मुख्यतः धंद्याचा फायदा किंवा पैसा मिळवण्यासाठी नसावा. ते माणूस कोण आहे हे बघत नाहीत, वापर कशाचा आहे ते बघतात. शाळेनं ॲडमिशनच्या जाहिरातीत फोटो लावला तर संस्था ट्रस्टची असली तरी एनसीवाला फोटो चालेल असं धरून बसू नये. घरगुती रेसिपीच्या पानावर जाहिराती लावून पैसे येत असतील तर तेही मी धंद्यातच धरतो. गणपतीच्या आरत्यांचं साधं पान, जाहिरात नाही, विक्री नाही, तिथं एनसी चालेल. मधलं काही असेल तर फोटोग्राफरला सरळ मेल करा, मी आजवर सात-आठ वेळा केलाय आणि बहुतेकांनी दोन ओळीत हो म्हणून कळवलं, एकानं तर मोठ्या साइजची फाइल पाठवली.

"मी खाली सौजन्य गुगल लिहिलंय की"

त्याचा उपयोग शून्य. गुगलनं फोटो काढलेला नसतो. बीवायची अट पूर्ण व्हायला काढणाऱ्याचं नाव, मूळ पानाची लिंक, लायसन्सचं नाव आणि त्याची लिंक, आणि बदल केला असेल तर तसं लिहिणं, एवढं लागतं. फोटोखाली बारीक अक्षरात लिहा, किंवा तिथं जागा नसेल तर "चित्रांचे श्रेय" असं वेगळं पान करून त्याची लिंक द्या, मी फाउंड्रीवाल्यांच्या वेबसाइटला तसंच करतो, कारण त्यांना मशिनच्या फोटोखाली नावं नको असतात.

आणि उलट बाजूपण सांगतो. जिथं परवानगीच नाही तिथं नाव दिलं म्हणून परवानगी तयार होत नाही.

"थोडा बदल केला की झालं ना?"

तीस टक्के बदलला की फोटो आपला, असं कुणीतरी कधीतरी पसरवलंय आणि ते डिझाइनवाल्यांच्या दुकानात अजून चालतं. कायद्यात असला टक्का कुठंच नाही. रंग बदलणं, आरशासारखा उलटा करणं, वॉटरमार्क पुसणं, ह्यानं मूळ काम मूळ माणसाचंच राहतं, आणि वॉटरमार्क पुसला तर तुम्हाला माहीत होतं हे दाखवणं समोरच्याला सोपं जातं. कायद्याचं कलम ५७ तर कलाकाराला अजून एक हक्क देतं, आपलं नाव कामाला जोडलेलं राहावं आणि कामाची मोडतोड करून आपली बदनामी होऊ नये, हा हक्क कॉपीराइट विकल्यावरही त्याच्याकडंच राहतो.

एआयकडनं बनवून घेतलेल्या चित्राबद्दल हल्ली रोज विचारतात. तिथं दोन गोष्टी बघा, त्या टूलच्या फुकट प्लॅनमध्ये धंद्यासाठी वापर चालतो का, आणि निघालेल्या चित्रात कुणाचं ओळखीचं कार्टून किंवा लोगो आलाय का. आला असेल तर त्या कार्टूनचा किंवा लोगोचा मूळ मालक तोच राहतो, चित्र मशिननं काढलं म्हणून तो हक्क सोडत नाही.

फोटोतली माणसं, आणि राजहंसगडावरचा पुतळा

फोटोग्राफरनं परवानगी दिली म्हणजे फोटोतल्या माणसानं दिली असं होत नाही. फोटोत ओळखू येणारी बाई असेल आणि तुम्ही तो फोटो त्वचेच्या रोगाच्या औषधाशेजारी लावला तर तिला काय वाटेल? ह्यासाठी मॉडेल रिलीज म्हणून एक संमतीपत्र असतं, फुकट फोटोंच्या साइटवर ते घेतलेलंच असेल ह्याची खात्री नसते. बहुतेक लायसन्समध्येही लिहिलेलं असतं की फोटोतली माणसं तुमच्या मालाची तारीफ करतायत असं दाखवू नका. "आमच्या समाधानी ग्राहक" लिहून खाली फुकटचा चेहरा लावणं हे तर मी कुणालाच करून देत नाही. फोटोतल्या गाडीवर, बुटावर, कपावर कुणाचा ब्रँड दिसत असेल तर तोही वेगळा हक्क, तो फोटोग्राफरच्या हातात नसतो.

पुतळ्यांचं मात्र आपल्या कायद्यात बरं आहे. सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या शिल्पाचा आणि इमारतींचा फोटो काढून छापायला कलम ५२ मोकळीक देतं. म्हणून राजहंसगडावर जाऊन महाराजांच्या पुतळ्याचा फोटो तुम्ही स्वतः काढला तर तो तुमच्या ट्रॅव्हल्सच्या वेबसाइटवर लावा. पण येळ्ळूरच्या एखाद्या पोरानं पहाटे धुक्यात चढून ड्रोननं काढलेला, इन्स्टावर गाजलेला फोटो उचललात तर तो त्या पोराचा आहे, पुतळ्याच्या मोकळिकीशी त्याचा काही संबंध नाही. असे किती फोटो आपल्या भागातल्या हॉटेलांच्या बोर्डावर न विचारता लागलेत, आणि काढणारी पोरं गप्प बसतात कारण गावातल्या माणसाशी भांडण नको.

लोगो आणि फॉन्ट, दोन विसरलेल्या जागा

फुकटचं चित्र लोगोत घालू नका, हे एक वाक्य लक्षात राहिलं तरी खूप. फ्रीपिक तर लोगोसाठी वापर सरळ नाकारतं. जिथं चालतं तिथंही तेच चित्र हजार जणांकडं असणार, मग ट्रेडमार्क म्हणून त्यावर एकट्याचा दावा करणार कसा? कॅनव्हातल्या तयार लोगोचंही तेच आहे.

फॉन्ट हेसुद्धा लायसन्सवरच मिळतात. विंडोजबरोबर आलेला फॉन्ट कॉम्प्युटरवर वापरायला असतो, त्याची फाइल वेबसाइटवर चढवायची परवानगी त्यात येत नाही. आपल्याकडं तर मराठी आणि कन्नड दोन्ही लागतात, म्हणून लोक कुठल्यातरी पेन ड्राइव्हमधनं आलेले फॉन्ट टाकत राहतात. त्याची गरज नाही. मुंबईच्या "एक टाइप" नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्यांनी केलेला बलू हा फॉन्ट देवनागरीत आहे आणि त्याच घराण्यातला बलू तम्मा कन्नडमध्ये आहे, दोन्ही खुल्या लायसन्सवर, धंद्याला चालतात, फक्त फॉन्टची फाइल सुटी विकायची नाही. दोन्ही भाषांतली पाटी एकाच वळणाची दिसते, मी निपाणीच्या एका ग्राहकाला दाखवलं तर त्यांनी दुकानाचा बोर्डपण तसाच करून घेतला.

"बेळगावातलं दुकान कोण बघायला येतंय?"

माणूस बघत नाही, मशिन बघतं. फोटो टाकून तो इंटरनेटवर कुठं कुठं आहे हे शोधायची सोय आता मोबाईलमध्ये गुगल लेन्सवर सगळ्यांकडं आहे, टिनआय ही तसलीच साइट तर २००८ पासून आहे. हेच काम मोठ्या प्रमाणावर करून मेल पाठवणाऱ्या एजन्सी आहेत. त्यांना बेळगाव काय आणि बर्लिन काय, सारखंच.

ह्या एजन्सी नेहमीच बरोबर असतात असंही नाही. अमेरिकेतल्या फोटोग्राफर कॅरल हायस्मिथ ह्यांनी आपले हजारो फोटो तिथल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला लोकांसाठी देऊन टाकले होते, आणि त्यांनाच त्यांच्या स्वतःच्या फोटोसाठी १२० डॉलर मागणारं पत्र आलं. २०१६ मध्ये त्या कोर्टात गेल्या, पण दाव्याचा मोठा भाग टिकला नाही, कारण फोटो एकदा सार्वजनिक केल्यावर ते कुणीही विकू शकत होतं. म्हणून मेल आला की घाबरून लगेच पैसे भरू नका आणि फ्रॉड म्हणून डिलीटही करू नका.

आधी मेलमधल्या लिंकवर क्लिक न करता एजन्सी खरी आहे का ते वेगळं शोधा. मग त्यांच्याकडनं मालकीचा पुरावा आणि मूळ फोटो मागा. आपल्याकडं लायसन्सची नोंद आहे का बघा. नसेल तर फोटो काढून टाका, पण आधी पानाचा स्क्रीनशॉट ठेवा, आणि काढला म्हणजे मागचा वापर पुसला असं समजू नका. सीसीच्या २०१३ मधल्या ४.० आवृत्तीत एक सवलत आहे, चूक कळल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त केली, म्हणजे राहिलेलं नाव दिलं, तर गेलेली परवानगी आपोआप परत मिळते. आधीच्या आवृत्तीत ही सवलत नाही, म्हणून २.० लिहिलेल्या फोटोला नाव द्यायचं विसरणं जास्त महागात पडतं. मधल्या काळाची भरपाई मात्र ते तरीही मागू शकतात.

आपल्या कायद्यात काय आहे तेही सांगतो. कलम ५५ नुसार कोर्ट वापर थांबवू शकतं आणि भरपाई द्यायला लावू शकतं. ह्यावर कॉपीराइट आहे हे मला माहीत नव्हतं आणि तसं वाटायला कारणही नव्हतं, हे तुम्ही सिद्ध केलं तर भरपाई टळते, मग वापर थांबवणं आणि त्यातनं झालेला नफा किंवा त्याचा भाग देणं एवढंच राहतं. पण इंटरनेटवरच्या फोटोबद्दल असं सिद्ध करणं सोपं नाही. जाणूनबुजून केलं असेल तर कलम ६३ लागतं, सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड, आणि सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सांगितलंय. रक्कम मोठी असेल तर वकिलाकडं जाण्यावाचून पर्याय नाही, तिथं माझ्यासारख्याचा सल्ला पुरत नाही.

"डिझाइनवाल्यानं लावला, मग तो बघेल" हेही ऐकतो. वेबसाइट ज्याच्या नावावर, मेल त्यालाच येतो. डिझाइनवाल्याकडनं लिहून घ्या की वापरलेल्या प्रत्येक चित्राचं लायसन्स त्यानं तपासलंय. मी स्वतः प्रत्येक ग्राहकाचा एक फोल्डर करतो, त्यात फोटोची मूळ लिंक, डाउनलोड केल्याची तारीख आणि त्या दिवशी लायसन्सचं पान जसं होतं तसं पीडीएफ करून ठेवतो. साइटच्या अटी पुढं बदलल्या, फोटोग्राफरनं फोटो काढून घेतला, तरी त्या दिवशी परवानगी होती हे दाखवता येतं. एका फोटोला दोन मिनिटं लागतात.

मामांचं पुढं काय झालं

वकिलांनी पत्रव्यवहार केला, पुरावा मागवला, फोटो खरंच त्या फोटोग्राफरचा निघाला आणि मागितलेल्यापेक्षा कमी रकमेवर मिटलं. मामांना पैशापेक्षा एक गोष्ट जास्त लागली, ते म्हणाले, "आमच्याकडच्या साड्या आमच्या माणसांनी मागावर विणलेल्या, आणि वर फोटो कुठल्यातरी भलत्याच साडीचा होता की गा." मग वडगावातल्या एका पोराला बोलावून दुकानातच, दुपारच्या उजेडात दाराजवळ साड्या पसरून फोटो काढून घेतले, नेसायला मामांची सूनच उभी राहिली आणि तिची संमती आम्ही कागदावर घेतली.

पैसे देऊन मुद्दाम काढून घेतलेल्या फोटोचा मालक, दुसरं काही ठरलेलं नसेल तर, काढून घेणाराच असतो, कलम १७ तसं सांगतं. लोगोसारख्या चित्राचं मात्र तसं धरून चालू नका, तिथं काढणाऱ्याकडनं हक्क लेखी लिहून घ्यावे लागतात. मामांच्या नवीन लोगोचा कागद मी वाचला तेव्हा त्यात मुदत आणि जागा दोन्ही लिहायची राहिली होती, आणि मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षंच धरतो, जागा लिहिली नाही तर फक्त भारत. साड्या तर आता बाहेरच्या देशातही चाललेत. परत लोगो काढणाऱ्याकडं गेलो, चहा झाला, आणि "पूर्ण मुदतीसाठी, सर्व देशांत" एवढे शब्द घालून दोघांच्या सह्या घेतल्या.